ब्रश नाही, साबणही नाही. आंघोळीला गांधीजी वापरायचे एक साधा दगड

सध्या रील्स उघडले की 'ड्राय ब्रशिंग' दिसतंच. आंघोळीआधी कोरड्या ब्रशनं तळपायापासून वरच्या दिशेनं अंग घासायचं. ऑनलाइन मागवला की ब्रश सणसवाडीतही घरपोच येतो.

पण सणसवाडीच्या दक्षिणेला, सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन आहे. अंगाची निगा राखायला पैसे लागता कामा नयेत, हे दाखवायला १९४६ मध्ये एक माणूस तिथे येऊन राहिला होता. मोहनदास करमचंद गांधी.

२ ऑक्टोबर १८६९ ला पोरबंदरमध्ये जन्मलेले गांधीजी शिकून बॅरिस्टर झाले आणि दक्षिण आफ्रिकेत गेले. त्या काळात त्यांच्या हाती जर्मनीच्या लुई कुन्हे यांचं पुस्तक आलं. कुन्हे यांचे उपाय म्हणजे गार पाण्याचं कटिस्नान आणि ओल्या कापडानं घर्षण. पुढे अॅडॉल्फ जस्ट यांच्या पुस्तकातून मातीच्या पट्ट्या कळल्या. हे सगळं गांधीजींनी आधी स्वतःवर करून पाहिलं.

मग खरी परीक्षा आली. १९०२ च्या सुमारास मुंबईत असताना दहा वर्षांचा मुलगा मणिलाल टायफॉइडनं आजारी पडला. डॉक्टरांनी अंडी आणि चिकन सूप द्यायला सांगितलं. गांधीजींनी नकार दिला आणि कटिस्नान, ओल्या चादरीची पट्टी, संत्र्याचा रस यांवर भर दिला. मुलगा वाचला. पण कशामुळे वाचला, हे सांगता येत नाही, असं खुद्द गांधीजींनीच पुढे लिहून ठेवलं. आज टायफॉइडवर अँटिबायोटिक्स आहेत, त्यामुळे हा प्रयोग घरी करायचा नाही.

गांधीजींनाही याची मर्यादा माहीत होती. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना अपेंडिसायटिस झाला, तेव्हा पुण्याच्या ससूनमध्ये त्यांनी ऑपरेशन करून घेतलं.

निसर्गोपचार मात्र सुटला नाही. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर छोटं पुस्तक लिहिलं. सुटकेनंतर पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्यासोबत गरिबांसाठी निसर्गोपचार केंद्र चालवायचं ठरलं. पण शहरात बसून खेड्यातल्या गरिबाची सेवा होणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. आपली चूक त्यांनी जाहीरपणे मान्य केली आणि मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला आले. आठवडाभर त्यांनी गावकऱ्यांना तपासलं. औषध काय? ऊन, पाणी, साधा आहार आणि रामनाम. ते गेल्यावर मणिभाई देसाई यांनी १९९३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथलं काम सांभाळलं.

आता त्या दगडाची गोष्ट. गांधीजी साबण वापरत नसत. घासायला मीराबेननं दिलेला एक खरखरीत दगड होता, आपल्याकडच्या न्हाणीघरातल्या वजरीसारखा. जानेवारी १९४७ मध्ये दंगलग्रस्त नोआखालीत गावोगाव चालत फिरताना, त्यांची नात लागणारी मनू तो आधीच्या मुक्कामी विसरली. गांधीजींनी तिला तो आणायला एकटीला परत पाठवलं. भीती मोडावी आणि वस्तूची किंमत कळावी, हा हेतू. मनूला दगड सापडला, पण एका दगडासाठी तरुण मुलीचा जीव धोक्यात घालणं बरोबर होतं का, हा प्रश्न आजही पडतो.

वर्षभरानं, ३० जानेवारी १९४८ ला, गांधीजींची हत्या झाली. तेव्हा मनू शेजारीच होती.

आता ड्राय ब्रशिंगचं काय? घासल्यानं त्वचेवरच्या मृत पेशी निघतात आणि तेवढ्यापुरतं रक्ताभिसरण वाढतं. पण 'शरीरातले टॉक्सिन्स बाहेर पडतात' या दाव्याला आधार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंड करतात. एक्झिमा, जखम किंवा फारच नाजूक त्वचा असेल तर ब्रश लांबच ठेवा.

बाकीच्यांनी हलक्या हातानं अंग घासायला हरकत नाही. फक्त त्यासाठी महागडा ब्रशच हवा असं नाही. घरातला पंचाही चालतो.