कायद्याची कपाटे उघडणारे बाबासाहेब



आपण दीक्षा घेतली, घरात तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा लावली. बाबासाहेबांच्या त्या प्रतिमेत बहुधा हातात एक जाड ग्रंथ असतो. तो ग्रंथ आपल्या देशाची राज्यघटना आहे, हे घरातले लहान मूलही सांगते. पण त्या ग्रंथापर्यंत बाबासाहेब कसे पोहोचले आणि कायद्याचे ज्ञान त्यांनी कोणासाठी वापरले, हे आपल्या मुलांना आपण सांगितले आहे काय?

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. पण अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकू दिले गेले नाही आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. ज्या ग्रंथांच्या आधारे या समाजाला अस्पृश्य ठरवले गेले, ते ग्रंथ वाचण्याचीच त्याला बंदी! ज्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा त्याला कायदा कळू द्यायचा नाही, ही त्या जुन्या व्यवस्थेची रीत होती.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी तेथे जुनी पुस्तके विकत घेतली. १९१६ साली लंडनला आल्यावर बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इन या संस्थेत नाव घातले. पुढच्याच वर्षी बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तके महायुद्धात बोटीबरोबर समुद्रात बुडाली. तरी ते खचले नाहीत. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवला, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सकाळी दार उघडताना ते हजर असत आणि दार बंद होईपर्यंत वाचत. त्या वाचनालयात प्रवेशपत्राला पैसे पडत नसत आणि वाचकाची जात कोणी विचारत नसे. गावच्या पाणवठ्यावर ज्याला मज्जाव, त्याला तेथे जगातले ग्रंथ मोकळे होते. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले.

१९२३ साली मुंबईत वकिली सुरू झाली. अस्पृश्य बॅरिस्टराकडे मोठे पक्षकार येणार कोठून? आले ते गिरणी कामगार, गावचे महार, मांग, चांभार आणि नाडलेले शेतकरी. परळच्या दामोदर हॉलमधील कचेरीत आणि पोयबावडीच्या चाळीतील घरी अशा लोकांची रीघ लागे. अनेक गरिबांचे काम त्यांनी फी न घेता केले. २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. वसतिगृहांप्रमाणेच वाचनालये काढणे हाही त्या सभेचा एक उद्देश होता.

आता महाडकडे या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ सालीच केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केले होते. म्हणजे हक्क कागदावर होता, पण त्या कागदाने पाणी पाजले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो लोक तळ्यावर गेले, तेव्हा तो हक्क जिवंत झाला. मग सवर्णांनी डिसेंबरमध्ये दिवाणी दावा लावला आणि मनाई हुकूम आणला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट फार प्राचीन आहे, हे त्यांचे म्हणणे. बाबासाहेबांनी त्या वेळी सत्याग्रह तहकूब करून लढा न्यायालयात नेला. १९३१ साली महाडचा निकाल आपल्या बाजूने लागला, १९३३ साली ठाण्याचे अपीलही जिंकले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने तोच निर्णय कायम केला. तशी प्राचीन वहिवाट सिद्धच झाली नव्हती. सव्वानऊ वर्षे लागली! गर्दीचे धैर्य एका दिवसाचे होते. ते टिकवण्याचे काम पुस्तकांनी आणि पुराव्यांनी केले.

कायदा जाणणारा एकच माणूस समाजाला पुरणार नाही, हे ते ओळखून होते. म्हणून त्यांनी मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकवले, १९३५ साली तेथे प्राचार्यपद स्वीकारले. दादरचे राजगृह त्यांनी ग्रंथांना जागा व्हावी म्हणून बांधले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज आणि १९५६ साली सिद्धार्थ लॉ कॉलेज निघाले. जीव लावून जमवलेल्या त्यांच्या ग्रंथांतील मोठा संग्रह आज सिद्धार्थ कॉलेजच्या ग्रंथालयात आहे.

वाचकहो, आज कायदा आपल्यापासून कोणी लपवत नाही. पण न उघडलेले पुस्तक आणि बंद पुस्तक यांत फरक तो काय? अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. हे ठाऊक नसल्यामुळे दीक्षा घेतली की सवलत गेली, असे सांगणाऱ्यावर भोळी माणसे विश्वास ठेवतात. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला, तसेच कोणत्याही स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मागता येतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. तरीही वकिलाला द्यायला पैसा नाही म्हणून आपली माणसे अन्याय गिळतात.

म्हणून आपल्या विहारात एक कपाट ठेवा. त्यात मराठीतील भारताचे संविधान, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ठेवा. जवळ विधी सेवा कचेरीचा पत्ता लिहून लावा. कपाटाला कुलूप लावू नका. पौर्णिमेला वंदना झाली की कोणा शिकलेल्या मुलीने त्यातले एक कलम वाचून समजावून सांगावे आणि म्हाताऱ्यांनी प्रश्न विचारावेत. प्रज्ञा म्हणजे डोळे उघडे ठेवणे. चवदार तळ्याचे पाणी आपल्याला एकदा मिळाले. कायद्याचे पाणी मात्र रोज भरावे लागते.

जयभीम!