डॉ. कमला सोहोनी : विकरांच्या अभ्यासिका

मेंदूला निसर्गाने कडक पहारा दिला आहे. मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. रक्तातील हरएक पदार्थ त्यांना ओलांडू शकत नाही. शिवाय त्या भिंतीत विकरे, म्हणजेच एन्झाइमे, दक्ष असतात. मोनोअमाइन ऑक्सिडेज हे त्यांपैकी एक. काही रसायने ते वाटेतच मोडून टाकते. कंपवाताच्या रुग्णाला लेवोडोपा देताना दुसरे औषध जोडतात, ते मेंदूत पोचण्यापूर्वीच लेवोडोपा अशाच एका विकराने मोडू नये म्हणून.

मोनोअमाइन ऑक्सिडेजचा शोध १९२८ साली केंब्रिजमध्ये मेरी हेअर या संशोधिकेने यकृतातून लावला. पुढे तेथेच डेरेक रिश्टर यांनी त्यावर काम केले. या रिश्टर यांच्या हाताखाली आपल्या महाराष्ट्राची कन्या गेली. त्या डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी.

कमलाबाईंचा जन्म १९११ चा. वडील रसायनशास्त्रज्ञ. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्या. तरीही बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. बाई मागे हटल्या नाहीत. अखेर एका वर्षाच्या परीक्षणाच्या अटीवर प्रवेश मिळाला. अट अपमानास्पद होती; पण त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर असे काम केले की त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

केंब्रिजमध्ये रिश्टर गेल्यावर त्यांनी रॉबिन हिल यांच्याकडे काम केले आणि वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाला लागणारे सायटोक्रोम सी असते, हे दाखविले. १९३९ साली पीएच.डी. झाली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. मायदेशी परतून त्यांनी दिल्ली, कुन्नूर व मुंबई येथे काम केले. गरिबांच्या आहारातील नीरा व कडधान्ये हा त्यांचा ध्यास होता. १९९८ साली त्या निवर्तल्या.

पालकहो, आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. भोसरी-चाकणपर्यंत उद्योग पसरले. तेथील प्रयोगशाळांत आपली मुलगी का नसावी? दहावीला चांगले गुण मिळवूनही घरी बसविलेली मुलगी हे साऱ्या समाजाचे नुकसान आहे. इल्मवर तिचाही हक्क आहे. यंदा प्रवेशअर्ज भरताना कमलाबाईंची आठवण ठेवा.