रमाकांत देसाई

रमाकांत भिकाजी देसाई (२० जून, १९३९:मुंबई - २७ एप्रिल, १९९८:मुंबई) हे भारताकडून २८ कसोटी सामने खेळलेले उजव्या हाताचे जलद-मध्यमगती गोलंदाज होते. १९५९ ते १९६८ या काळात त्यांनी ७४ कसोटी बळी मिळवले. स्थानिक क्रिकेटमध्ये ते मुंबई संघाकडून खेळत. सुमारे सव्वापाच फूट उंचीमुळे त्यांना 'टायनी' हे टोपणनाव मिळाले होते. भारताच्या श्रेष्ठ जलदगती गोलंदाजांची चर्चा करताना मोहम्मद निसार व अमरसिंग यांची जोडी आणि कपिल देव यांच्यामधल्या प्रदीर्घ काळातील प्रमुख नाव म्हणून देसाई यांचा उल्लेख केला जातो.

पार्श्वभूमी

१९३२ साली लॉर्ड्सवर भारताने पहिली कसोटी खेळली, तेव्हा संघाचे मुख्य बळ निसार आणि अमरसिंग यांची जलदगती गोलंदाजी हेच होते. निसार यांनी ६ कसोट्यांत २५, तर अमरसिंग यांनी ७ कसोट्यांत २८ बळी घेतले. अमरसिंग १९४० मध्ये निधन पावले आणि महायुद्धानंतर संघाचा भर फिरकीवर आला. कोल्हापूरचे दत्तू फडकर यांनी ३१ कसोट्यांत ६२ बळी मिळवले, परंतु ते अष्टपैलू खेळाडू होते. खेळपट्ट्या संथ, मैदाने कोरडी व टणक; त्यामुळे चेंडूची लकाकी लवकर जाई आणि काही षटकांतच फिरकी गोलंदाजांना पाचारण केले जाई. अशा व्यवस्थेत जलद गोलंदाजी शिकणाऱ्या मुलापुढे अनुकरणासाठी आदर्श नव्हता आणि प्रोत्साहनही फारसे नव्हते.

रणजी करंडक

१९५८-५९ हा देसाई यांचा रणजी करंडकातील पहिला हंगाम. त्यात त्यांनी ५० बळी घेतले आणि प्रत्येक बळीसाठी सरासरी अवघ्या ११ धावा दिल्या. त्याच हंगामापासून मुंबईने सलग १५ वर्षे रणजी करंडक जिंकला. १९६८-६९ पर्यंत देसाई या संघाच्या आक्रमणाचा आधार होते. मुंबईच्या त्या वर्चस्वाचे श्रेय सहसा फलंदाजांना दिले जाते. नव्या चेंडूने सुरुवातीलाच प्रतिस्पर्ध्यांना खिंडार पाडणाऱ्या देसाई यांचा त्यातील वाटा मात्र तुलनेने कमी चर्चिला गेला. प्रथम श्रेणीच्या १५० सामन्यांत त्यांनी ४६८ बळी मिळवले.

कसोटी कारकीर्द

१९५८-५९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट या वेगवान जोडीसह भारतात आला होता. त्या मालिकेत भारताने पाच कसोट्यांत चार कर्णधार बदलले आणि मालिका ०-३ अशी गमावली. दिल्लीच्या अखेरच्या कसोटीत १९ वर्षांच्या देसाई यांना संधी मिळाली. वेस्ट इंडीजने ८ बाद ६४४ धावांवर डाव घोषित केला. त्या डावात देसाई यांनी ४९ षटके टाकून १६९ धावांत ४ बळी घेतले. पदार्पणातच एका डावात इतकी षटके टाकावी लागणे हे पुढील कारकिर्दीचेच पूर्वचिन्ह ठरले.

१९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात सुरेंद्रनाथ यांच्या साथीने त्यांनी नवा चेंडू हाताळला. लॉर्ड्स कसोटीत त्यांनी ८९ धावांत ५ बळी घेतले. १९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेतील पाचही कसोट्या अनिर्णित राहिल्या. त्या नीरस मालिकेत देसाई यांनी २१ बळी मिळवले आणि हनीफ मोहम्मद यांच्यासारख्या चिवट फलंदाजाला उसळत्या चेंडूंनी वारंवार अडचणीत आणले. याच मालिकेत मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर दहाव्या क्रमांकावर फलंदाजीस येऊन त्यांनी ८५ धावा केल्या आणि नाना जोशी यांच्यासह नवव्या गड्यासाठी १४९ धावांची भागीदारी रचली.

१९६४-६५ मध्ये त्याच मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध ५६ धावांत ६ बळी ही त्यांची कसोटीतील सर्वोत्तम कामगिरी ठरली. मात्र भारताचा पहिला डाव ८८ धावांत आटोपला आणि फॉलोऑन स्वीकारावा लागला. पुढे दिलीप सरदेसाई यांच्या नाबाद द्विशतकामुळे सामना वाचला. परिणामी, देसाई यांच्या सर्वोत्तम गोलंदाजीलाही विजयाची जोड मिळाली नाही.

ड्युनेडिन, १९६८

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथील कसोटी ही त्यांची अखेरची कसोटी होय. फलंदाजी करताना डिक मॉट्झ यांच्या उसळत्या चेंडूने देसाई यांचा जबडा मोडला. तरीही ते मैदान सोडून गेले नाहीत. त्यांनी बिशनसिंग बेदी यांच्यासह अखेरच्या गड्यासाठी अर्धशतकी भागीदारी केली आणि न्यूझीलंडच्या ३५० धावांना उत्तर देताना भारताने ३५९ धावांपर्यंत मजल मारली. भारताने हा सामना ५ गडी राखून जिंकला. परदेशातील भारताचा हा पहिलाच कसोटी विजय होता. त्यानंतर देसाई कसोटी खेळले नाहीत. त्या वेळी त्यांचे वय २८ वर्षे होते.

उत्तरायुष्य

१९९६-९७ मध्ये देसाई राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष होते. वयाच्या ५८ व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

केवळ आकड्यांच्या आधारे देसाई यांना अग्रक्रम देता येत नाही. त्यांची कसोटीतील सरासरी प्रतिबळी ३७.३१ धावा इतकी आहे. कपिल देव यांचे ४३४ किंवा श्रीरामपूरच्या झहीर खान यांचे ३११ बळी यांच्याशी ७४ या संख्येची तुलना होऊ शकत नाही. निसार व अमरसिंग यांची प्रतिसामना बळींची संख्याही देसाई यांच्यापेक्षा जास्त आहे.

परंतु निसार यांना अमरसिंग यांची जोड होती. झहीर यांच्या पाठीशी वेगवान गोलंदाजांची पिढी होती. देसाई यांना मात्र तोलामोलाचा साथीदार दीर्घकाळ लाभला नाही. एका टोकाकडून दडपण आणले तरी दुसऱ्या टोकाकडून फलंदाजाला मोकळा श्वास मिळे. त्या काळातील उणीव किती खोल होती, हे १९६७ च्या बर्मिंगहॅम कसोटीवरून दिसते: देसाई संघात नसताना भारताने नवा चेंडू बुधी कुंदरन या यष्टिरक्षक-फलंदाजाच्या हाती दिला होता. देसाई यांच्या निवृत्तीनंतरही फिरकी चौकडीच्या काळात नवा चेंडू हा बहुधा उपचारच राहिला. ही स्थिती १९७८ मध्ये कपिल देव यांच्या पदार्पणानंतर बदलू लागली. त्यामुळे देसाई यांचे स्थान ठरवताना बळींच्या संख्येइतकाच, प्रतिकूल परिस्थितीत त्यांनी जवळजवळ एकट्याने वाहिलेला भारही विचारात घ्यावा लागतो.