एका कोचमनची क्रांती

पन्नाशी जवळ आली की आमच्या बँकेत माणसे प्रॉव्हिडंट फंडाचा हिशेब मांडायला लागत. मुलीचे लग्न, गावाकडच्या घराची डागडुजी, उरलेच तर चारधाम. नव्याने काही सुरू करण्याचे हे वय नव्हे, असे बहुतेकांनी मनाशी ठरवून टाकलेले असे. म्हणूनच कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरच्या त्या कोचमनचे मला अप्रूप वाटते. १७४३ च्या सुमारास गुलामाच्या पोटी जन्मलेला हा माणूस ऐन पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १७९१ साली घराबाहेर पडला आणि पुढच्या दहा वर्षांत फ्रान्स, स्पेन आणि इंग्लंड या तीन साम्राज्यांना त्याने आपली दखल घ्यायला लावली. त्याचे नाव तूसँ लूव्हेर्त्यूर.

हैती देशाचा जनक म्हणून जग त्याला ओळखते. गंमत अशी, की हैतीच्या स्वातंत्र्याची घोषणा त्याने कधीच केली नाही. ती झाली तेव्हा त्याला जाऊन नऊ महिने होत आले होते. तरीही स्वातंत्र्याच्या युद्धाला क्रांती केव्हा म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला वॉशिंग्टनपेक्षा हाच माणूस अधिक उपयोगी पडतो.

त्या काळी या वसाहतीचे नाव होते सँ-दोमँग. मालकी फ्रान्सची. क्षेत्रफळ आपल्या दोन-तीन जिल्ह्यांएवढे, पण युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के आणि कॉफीपैकी निम्म्याहून अधिक माल एवढ्याशा भूमीतून जाई. गोरे मालक, कारकून, व्यापारी मिळून तीस-चाळीस हजार, जवळपास तेवढेच स्वतंत्र असलेले मिश्रवर्णीय आणि काळे, आणि गुलाम सुमारे पाच लाख. आपल्याकडे ऊस म्हटला की गुऱ्हाळ आठवते, काकवीचा वास आठवतो. तिथे हंगामात चरक रात्रंदिवस चालत. ऊस घालता घालता डोळा लागला आणि हात आत गेला तर तो तोडण्यासाठी कोयता जवळच ठेवलेला असे. गुलाम जन्मत त्यापेक्षा अधिक मरत. मग आफ्रिकेतून नवे आणायचे. मालकांच्या वहीत हा खर्च घसाऱ्याच्या खात्यात पडत असावा. हिशेब चोख होता, एवढाच त्यातला भयंकर भाग.

तूसँचा जन्म ल काप शहराजवळच्या ब्रेदा नावाच्या मळ्यावर झाला. लहानपणी किरकोळ, अशक्त. पण घोड्यावर बसला की बघत राहावे असा. गुरांची आणि घोड्यांची देखभाल करता करता तो कारभाऱ्याचा कोचमन झाला. झाडपाल्याची औषधे त्याला ठाऊक होती. लिहायला-वाचायलाही तो शिकला होता. १७७६ पर्यंत तो गुलामीतून मोकळाही झाला होता. १९७० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या जुन्या कागदपत्रांवरून असे दिसते, की पुढे त्याने एक कॉफीचा मळा खंडाने घेतला होता आणि त्या मळ्याबरोबर तेरा गुलामही. महापुरुषांच्या चरित्रातली अशी पाने आपण हळूच उलटून टाकतो. मला ते पटत नाही. हा माणूस त्या व्यवस्थेच्या आत राहिलेला होता, तिचा थोडा फायदाही घेतलेला होता, आणि तरीही तिला मुळातून उखडायला उभा राहिला. जन्मजात संतापेक्षा अशी माणसे मला अधिक विश्वासार्ह वाटतात.

ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेकडच्या मळ्यांवर गुलामांनी उठाव केला. उसाचे फड पेटले. आठवड्याभरात शेकडो मळ्यांची राख झाली. तूसँ लगेच त्यात उतरला नाही. जुन्या कारभाऱ्याच्या बायकोला त्याने सुखरूप शहराकडे रवाना केले आणि मगच तो बंडखोरांना जाऊन मिळाला. आधी जखमींवर औषधोपचार करणारा म्हणून, नंतर सेनानी म्हणून. शेजारच्या स्पॅनिश वसाहतीने बंडखोरांना बंदुका दिल्या, तेव्हा तो काही काळ स्पेनच्या बाजूने लढला. १७९३ च्या सुमारास त्याने लूव्हेर्त्यूर हे नाव घेतले. त्याचा अर्थ उघडणारी वाट. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या तिथल्या अधिकाऱ्याने उत्तर भागातले गुलाम मुक्त केल्याचे जाहीर केले आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसच्या क्रांतिकारी सभेने सर्व वसाहतींमधली गुलामी रद्द केली. काही महिन्यांतच तूसँने स्पेनची बाजू सोडली आणि तो फ्रान्सकडे आला.

कोणी याला पक्षांतर म्हणेल. पण त्याच्या निष्ठेचे खाते एकाच नावावर होते. जो गुलामी परत येऊ देणार नाही, त्याचा झेंडा आपला. तो स्पॅनिश आहे की फ्रेंच, हा त्याच्या लेखी दुय्यम प्रश्न होता.

इथे थोडे उत्तरेला, अमेरिकेकडे पाहू. १७७५ ते १७८३ हे तिचे स्वातंत्र्ययुद्ध. इंग्रज राजा गेला, प्रजासत्ताक आले, लेखी घटना आली. जगाच्या इतिहासात ही मोठी घडामोड होती, यात शंका नाही. पण खतावणीच्या दुसऱ्या बाजूला पाहा. १७९० च्या जनगणनेत त्या देशात सुमारे ७ लाख गुलाम होते. उत्तरेकडच्या राज्यांनी हळूहळू ही प्रथा बंद केली, तरीही १८६० साली देशातल्या गुलामांची संख्या ४० लाखांच्या घरात गेली होती. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांत गुलामी जवळजवळ सहापट वाढली. ती संपायला १८६५ साल उजाडावे लागले, आणि त्याआधी एक यादवी युद्ध. आपल्या महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले. ते इंग्रजांना हाकलल्याबद्दल नव्हे. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी सोसलेल्या त्यागाबद्दल. नेमके कशाला वंदन करायचे, हे फुल्यांना बरोबर कळले होते.

सँ-दोमँगमध्ये क्रम उलटा होता. तिथे आधी गुलामाचा माणूस झाला आणि देश नंतर झाला.

पुढची काही वर्षे तूसँची चढती कमान आहे. बेटाचा ताबा घ्यायला आलेल्या इंग्रजांना, पिवळ्या तापाने आणि त्याच्या फौजेने बेजार केल्यावर, १७९८ मध्ये निघून जावे लागले. १८०१ च्या आरंभी त्याने बेटाचा स्पॅनिश भागही घेतला. त्याच वर्षी जुलैमध्ये वसाहतीची घटना जाहीर झाली. गुलामी कायमची बंद, वर्णावरून भेद नाही. मात्र तूसँ तहहयात गव्हर्नर, आणि आपला वारस नेमण्याचा अधिकारही त्याचाच. फ्रान्सशी नाते त्याने तोडले नाही.

आणि याच टप्प्यावर त्याच्या आयुष्यातला खरा पेच सुरू होतो. बंदुका अमेरिकी व्यापाऱ्यांकडून येत. त्यांचे पैसे साखर आणि कॉफी विकूनच उभे राहत. उत्पादन तर युद्धाने कोसळलेले. ऑक्टोबर १८०० मध्ये तूसँने फर्मान काढले: मुक्त झालेल्यांनी आपापल्या मळ्यावरच काम करायचे, परवानगीशिवाय तो सोडायचा नाही, देखरेख लष्कराची. उत्पन्नाचा चौथा हिस्सा कामकऱ्यांना मिळेल. पळून गेलेल्या काही गोऱ्या मालकांनाही त्याने परत बोलावले.

निर्यात, परकीय चलन, खेळते भांडवल हे शब्द मी नोकरीत रोज वापरले. तूसँची अडचण मला समजते. पण नोकरीतली काही वर्षे मी ग्रामीण शाखेतही काढली आहेत. पीककर्जाच्या अर्जासोबत सातबारा पुढे सरकवताना, त्यावर स्वतःचे नाव असलेला माणूस आणि नसलेला माणूस यांच्या उभे राहण्यातच फरक असतो. तिथल्या मुक्त गुलामांना हेच हवे होते. चार केळी, थोडे रताळे, दोन डुकरे आणि त्याभोवती आपले कुंपण. दुसऱ्याच्या मळ्यावर, शिपायाच्या धाकात, चौथाईच्या हिश्शाने राबणे हे त्यांच्या लेखी स्वातंत्र्य नव्हते. १८०१ च्या ऑक्टोबरात उत्तरेत बंड झाले. त्यामागे तूसँचा मानलेला पुतण्या, सेनापती मोईझ याचा हात असल्याचे ठरवून तूसँने त्याला गोळ्या घालायला लावल्या. कामकऱ्यांच्या बाजूचा म्हणून लोक ज्याला ओळखत होते, तोच गेला. बरेच लोक तिथून तूसँपासून मनाने दुरावले.

इकडे पॅरिसमध्ये नेपोलियन सत्तेवर होता. एका काळ्या गव्हर्नरची स्वतंत्र घटना त्याला सहन होणारी नव्हती. फेब्रुवारी १८०२ मध्ये त्याचा मेहुणा जनरल लक्लेर वीसेक हजारांची फौज घेऊन आला. सोबत तूसँची दोन मुले होती, प्लासिद आणि इसाक. १७९६ मध्ये त्यांना शिकायला फ्रान्सला पाठवले होते. आता ती नेपोलियनचे पत्र घेऊन, बापाने शरण यावे म्हणून परत आली होती. तूसँने कोणावरच सक्ती केली नाही. ज्याने त्याने आपली बाजू निवडावी, असे ठरले. इसाकने फ्रान्सविरुद्ध शस्त्र धरायला नकार दिला. प्लासिद बापाबरोबर राहिला. हा प्लासिद सुझानचा आधीचा मुलगा, तूसँने आपला मानून वाढवलेला. पोटचा मुलगा समोर गेला आणि मानलेला पाठीशी उभा राहिला. त्या माउलीचे, सुझानचे त्या दिवशी काय झाले असेल, या विचारापाशी कादंबरीकाराची लेखणीही थबकते.

तीन महिने झुंज चालली. सेनापती एकेक करून फ्रेंचांना मिळाले आणि मे महिन्यात तूसँने शस्त्र खाली ठेवले. ७ जून १८०२ रोजी एका फ्रेंच जनरलने त्याला बोलणी करण्यासाठी बोलावून दग्याने पकडले. बायकामुलांसह जहाजावर चढवले. त्याला स्वित्झर्लंडच्या सीमेजवळच्या, झुरा पर्वतातल्या फोर्ट द झू या किल्ल्यात डांबण्यात आले, कुटुंबाला दुसरीकडे. उष्ण प्रदेशातला साठीला टेकलेला माणूस, दगडी कोठडी, मोजून दिलेले जळण. तिथून त्याने नेपोलियनला पत्रे लिहिली, आपल्या कारभाराची कैफियत लिहिली. उत्तर आले नाही. ७ एप्रिल १८०३ रोजी तो त्या कोठडीत मरण पावला.

नेपोलियनला वाटले, माणूस उचलला की प्रश्न संपला. पण त्याने स्वतःच मे १८०२ मध्ये फ्रेंच वसाहतींत गुलामी कायम ठेवण्याचा कायदा केला होता, आणि जुलैत ग्वादेलूप बेटावर ती परत आणली गेली. ती बातमी सँ-दोमँगला पोचली आणि बेट पुन्हा पेटले. तूसँला सोडून गेलेले देसालिन, क्रिस्तोफ हे सेनापती उलटून फ्रेंचांवर तुटून पडले. लक्लेर पिवळ्या तापाने गेला. १८ नोव्हेंबर १८०३ ला व्हेर्तिएरची शेवटची लढाई झाली आणि १ जानेवारी १८०४ रोजी देसालिनने स्वातंत्र्य जाहीर केले. बेटाच्या मूळ रहिवाशांनी दिलेले हैती हे नाव देशाने पुन्हा धारण केले.

मला यातला गाभा इथे दिसतो. हे युद्ध नवा झेंडा मिळवण्यासाठी पेटले नाही. दहा वर्षे माणूस म्हणून जगलेल्यांना पुन्हा जनावर व्हायचे नव्हते, म्हणून पेटले. क्रांती आधीच घडून गेली होती; स्वातंत्र्ययुद्ध तिची राखण करायला आले. म्हणून नेता तुरुंगात मेल्यावरही ते थांबले नाही. माझ्या मते खऱ्या क्रांतीची ही एक खूण आहे. ती तिच्या नेत्याला पुरून उरते. ती तूसँच्या फर्मानालाही पुरून उरली. मोठे मळे टिकले नाहीत. १८०९ पासून दक्षिणेत सरकारने शिपायांना जमिनी वाटायला सुरुवात केली आणि हळूहळू हैती लहान शेतकऱ्यांचा देश झाला.

हे चित्र रंगवताना रक्ताचा डाग पुसायचा नाही. १८०४ मध्ये देसालिनच्या हुकमाने बेटावर उरलेल्या फ्रेंचांची, बायकामुलांसकट कत्तल झाली. दोन वर्षांनी तोही मारला गेला. क्रांतीने माणसे मोकळी केली, त्यांना सज्जन केले असे नव्हे.

आणि तिचे बिल? ते १८२५ मध्ये आले. फ्रान्सच्या राजाने चौदा युद्धनौका पाठवून हैतीकडे १५ कोटी फ्रँक मागितले. मालकांचे जे बुडाले त्याची भरपाई, आणि त्या मालमत्तेत गुलामांची किंमतही धरलेली. म्हणजे मोकळ्या झालेल्या माणसांनी स्वतःच्याच शरीराचे पैसे भरायचे. पहिल्या हप्त्यासाठी पॅरिसच्या सावकारांकडून ३ कोटींचे कर्ज काढावे लागले. हातात पडले २ कोटी ४० लाख. शेकडा वीस आधीच कापलेले. बँकेत मी पुष्कळ कर्जप्रकरणे पाहिली, पण तोफा रोखून तारण घेतलेले हे एकच. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली, तरी त्यापायी काढलेली कर्जे फेडता फेडता १९४७ उजाडले. आपण स्वतंत्र झालो ते वर्ष. या व्यवहाराचा अभ्यास करण्यासाठी दोन्ही देशांच्या इतिहासकारांची समिती नेमण्याचे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केले, तेव्हा २०२५ साल होते.

हैती आज गरीब आहे, अशांत आहे. ते पाहून काही जण विचारतात, या क्रांतीने मिळवले काय? अशा वेळी मी जमाखर्चाची दुसरी बाजू पाहायला सांगतो. १८०४ नंतर कर्ज आले, हुकूमशहा आले, परकी सैनिकही आले. पण त्या भूमीवर जन्मलेल्या एकाही पोराचे दात आणि दंड तपासून त्याला लिलावात उभे करायला पुन्हा कोणी धजावले नाही.