नामदार नाना शंकरशेट आणि साष्टीतील लोहमार्ग

आमचे कितीतरी दैवज्ञ ज्ञातिबांधव गिरगाव-ठाकूरद्वार सोडून घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या उपनगरांत स्थायिक झाले आहेत. रोज सकाळी आगगाडीने पेढी वा कचेरी गाठताना, हा मार्ग घालण्याच्या खटपटीत आपल्याच ज्ञातीतील एका पुरुषाचा केवढा हात होता, याचे स्मरण त्यांतील किती जणांस होत असेल, याची आम्हांस शंकाच आहे. विद्यादानाच्या संबंधाने नानांचे नाव वारंवार निघते. म्हणून येथे त्यांच्या व्यापारी दूरदृष्टीविषयीच लिहितो.

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे झाला. घराण्याची सचोटी एवढी विख्यात की, अरब व अफगाण सौदागर आपली चीजवस्तू निःशंकपणे त्यांच्या हवाली करीत, असे सांगतात. १८२२ साली पिता निवर्तले आणि अवघ्या एकोणिसाव्या वर्षी सारा व्यवहार नानांच्या अंगावर पडला.

त्या काळी वऱ्हाड-खानदेशाचा कापूस बैलांच्या पाठीवरून महिनोन्‌महिने चालत बंदराकडे येई. वाटेत तो धुळीने मळे, अवकाळी पावसाने भिजे, आणि मुंबईस पोहोचेपर्यंत त्याचे मोल निम्मेशिम्मे उतरलेले असे. उत्तम बंदर असून त्यास देशाच्या अंतर्भागाशी जोडणारी वाट नाही, हे मुंबईचे खरे दुखणे होते. माल उगमापासून गिऱ्हाइकापर्यंत कसा न्यावा हे सांगणारे तज्ज्ञ सल्लागार आज मोठ्या मानाने वावरतात व त्या विद्येस पुरवठा-साखळीचे व्यवस्थापन असे भारदस्त नाव आहे. नानांपाशी ते नाव नव्हते, पण प्रश्न त्यांस नेमका उमगला होता.

१८४३ साली मुंबई सरकारचे मुख्य अभियंते जॉर्ज क्लार्क भांडुपास गेले असता, मुंबईहून ठाणे, कल्याण व पुढे थळ आणि बोर घाटांपर्यंत लोहमार्ग न्यावा, ही कल्पना त्यांस सुचली. आजच्या मुलुंडकरांच्या अंगणातच तिचा उगम झाला म्हणावयाचा! १८४५ साली नाना व सर जमशेटजी जीजीभाई यांनी पुढाकार घेऊन रेल्वेसाठी मंडळी उभी केली. ती ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत सामील झाली आणि हे दोघेही संचालकांत गेले.

काही चरित्रलेखक साऱ्या रेल्वेचे श्रेय एकट्या नानांस देतात. ज्ञातीचा अभिमान बाळगूनही ते आम्हांस मान्य नाही. भांडवल मुख्यतः विलायतेतून आले. कंपनी सरकारने १८४९ च्या कराराने पाच टक्के व्याजाची हमी दिली, म्हणून आले. आणि लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस हवा होता, हेही उघड आहे. नानांचे काम निराळे होते. परक्यांच्या या नव्या यंत्राकडे शहर साशंकतेने पाहत असता, ज्याच्या शब्दावर बाजार चाले असा गृहस्थ तिच्या पाठीशी उभा राहिला. हे मोल हिशेबाच्या वहीत मांडता येत नाही.

३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवनजीक कामास आरंभ झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी, तोफांच्या सलामीत, साहेब, सिंध व सुलतान या तीन इंजिनांनी चौदा डबे व सुमारे चारशे निमंत्रित घेऊन बोरीबंदर सोडले आणि साष्टीतील शेते व खाजणे ओलांडून ठाणे गाठले. अंतर एकवीस मैल. निमंत्रितांत नाना होते.

खरी कसोटी पुढे घाटात होती. १८५८ साली खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला, तरी खोपोली ते खंडाळा हा टप्पा उतारूंस पालखीने वा तट्टावरून काढावा लागे. पंचवीस बोगदे खोदून १८६३ साली बोरघाट खुला झाला. त्यासाठी हजारो मजूर पटकी-तापाने व अपघातांनी बळी पडले, त्यांची नावे कोणत्याही शिलेवर नाहीत. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवीने कापसास सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ रोजी मुंबईच्या सट्टेबाजांचे दिवाळे वाजले आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेस नानांनी देह ठेवला. विरारहून अंधेरीमार्गे मुंबईस येणारी पहिली स्थानिक गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी धावली; ती त्यांस पाहावयास मिळाली नाही.

त्यांचा संगमरवरी पुतळा टाऊन हॉलमध्ये आहे. परंतु आमच्या उपनगरवासी बांधवांस तेथवर जाण्याचे कारण नाही. १८८८ साली पुरी झालेल्या बोरीबंदरच्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर कंपनीच्या संचालकांचे मुखवटे कोरले आहेत, त्यांत नानांचाही आहे. गाडीतून उतरल्यावर बाहेरच्या बाजूस येऊन क्षणभर वर पाहावे, इतकेच.