विल्यम ऑस्लर

सर विल्यम ऑस्लर (१२ जुलै, १८४९ - २९ डिसेंबर, १९१९) हे कॅनडात जन्मलेले वैद्यकतज्ज्ञ आणि अध्यापक होते. वैद्यकीय विद्यार्थ्याला व्याख्यानगृहातून उठवून रुग्णाच्या खाटेपाशी आणण्याची आणि तेथील काम त्याच्या अभ्यासक्रमाचा नियमित भाग करण्याची पद्धत उत्तर अमेरिकेत मुख्यत्वे त्यांच्यामुळे रुजली.

आरंभीचे जीवन

त्यांचा जन्म ऑन्टॅरियोतील बॉन्ड हेड या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. मॅकगिल विद्यापीठातून १८७२ मध्ये वैद्यकाची पदवी घेतल्यावर त्यांनी लंडन, बर्लिन व व्हिएन्ना येथे अध्ययन केले. १८७४ मध्ये ते मॅकगिलला अध्यापक म्हणून परतले. माँट्रियलमध्ये देवीच्या रुग्णांचा कक्ष त्यांनी स्वतःहून पत्करला आणि त्या कामाच्या मानधनातून विद्यार्थ्यांसाठी सूक्ष्मदर्शक घेतले. याच काळात त्यांना स्वतःलाही देवी आल्या. शेकडो शवविच्छेदने त्यांनी येथेच केली. १८८४ ते १८८९ या काळात ते फिलाडेल्फियात प्राध्यापक होते.

जॉन्स हॉपकिन्समधील कार्य

१८८९ मध्ये बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले आणि ऑस्लर तेथे मुख्य वैद्य झाले. वैद्यकीय महाविद्यालय मात्र १८९३ मध्ये उघडले. मधल्या वर्षांत त्यांनी लिहिलेला वैद्यकावरील ग्रंथ (१८९२) पुढे अनेक दशके पाठ्यपुस्तक म्हणून वापरला गेला. त्या काळी अमेरिकेतील बहुतेक संस्थांत विद्यार्थी व्याख्याने ऐकून पदवी मिळवत. पदवी हाती येईपर्यंत एकही रुग्ण स्वतः न तपासलेला डॉक्टर ही तेव्हा नवलाची गोष्ट नव्हती आणि त्याची किंमत पहिल्या काही रुग्णांना मोजावी लागे.

हॉपकिन्समध्ये पहिली दोन वर्षे मुख्यतः प्रयोगशाळेत जात. तिसऱ्या वर्षी विद्यार्थी बाह्यरुग्ण विभागात तपासणी शिकत. चौथ्या वर्षाच्या वर्गाचे तीन गट पाडले जात. एक गट वैद्यकाच्या कक्षात, दुसरा शल्यचिकित्सेत आणि तिसरा स्त्रीरोग व प्रसूती विभागात काम करी, आणि ठरावीक काळाने गटांची अदलाबदल होई. प्रत्येकाकडे काही खाटा सोपवलेल्या असत. त्या रुग्णांचा पूर्वेतिहास लिहिणे, रक्त व लघवी तपासणे आणि फेरीच्या वेळी सर्वांसमोर माहिती सांगणे हे विद्यार्थ्याचेच काम असे. न्यूमोनियाच्या रुग्णांचा पाठपुरावा करून अहवाल देण्यासाठी विद्यार्थ्यांच्या समित्या नेमल्या जात. कक्षात विद्यार्थी नेमण्याची कल्पना नवी नव्हती, लंडन व एडिनबर्गच्या रुग्णालयांत ती आधीपासून होती. ऑस्लर यांनी तिला वेळापत्रकात पक्की जागा दिली. पहिली तुकडी १८९७ मध्ये पदवीधर झाली. तिच्यात १५ जण होते.

परीक्षांविषयीची भूमिका

परीक्षा हा शिक्षणाचाच एक भाग असावा, त्याचे उद्दिष्ट होऊ नये, असे ते मानत. परीक्षेचे ओझे वाढले की विद्यार्थी रुग्णाकडे पाठ फिरवून प्रश्नपत्रिकेसाठी वाचू लागतो, ही त्यांची मुख्य तक्रार होती. १९१३ मध्ये इंग्लंडमधील एका भाषणात त्यांनी याविषयी सविस्तर मांडणी केली. मात्र कक्षातील रोजच्या कामावरून विद्यार्थी जोखायचा, तर शिक्षकाने त्याला नावानिशी ओळखणे भाग असते. पंधरा-वीस जणांच्या वर्गात ते जमत होते, मोठ्या वर्गांत ते कठीणच.

अखेरचा काळ

१९०५ मध्ये ते ऑक्सफर्ड येथे रेजियस प्राध्यापक झाले आणि १९११ मध्ये त्यांना बॅरोनेट ही पदवी मिळाली. प्राध्यापकांना पूर्णवेळ वेतनावर नेमून खाजगी व्यवसायापासून दूर ठेवण्याच्या हॉपकिन्समधील योजनेला त्यांनी ऑक्सफर्डहून विरोध केला. अशाने शिक्षक रुग्णसेवेपासून तुटेल, ही त्यांची भीती होती. तरीही योजना १९१३ मध्ये स्वीकारली गेली. त्यांचा मुलगा रेव्हेअर १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये मरण पावला. त्यानंतर दोन वर्षांनी श्वसनविकाराने ऑस्लर यांचे ऑक्सफर्डला निधन झाले. त्यांचा ग्रंथसंग्रह मॅकगिल विद्यापीठाला मिळाला. त्यासाठीचे ग्रंथालय १९२९ मध्ये उघडले आणि त्यांच्या अस्थी तेथेच ठेवल्या आहेत.