तिसऱ्या रुळातून सुटका

भोकं पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, नट-बोल्ट आणि छोटी चाकं. असा एखादा डबा लहानपणी तुमच्याही घरात असेल. क्रेन बनवा, मोडा आणि त्याच पट्ट्यांचा पूल करा. ही आयडिया फ्रँक हॉर्नबीची. (आपल्या मुंबईतल्या जुन्या हॉर्नबी रोडवाला गव्हर्नर वेगळा बरं का!)

फ्रँकचा जन्म १८६३ चा, लिव्हरपूलचा. तो इंजिनिअर वगैरे अजिबात नव्हता. मांस आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायचा आणि घरी आल्यावर रोलंड आणि डग्लस या मुलांसाठी पत्रा कापून खेळणी करत बसायचा. पण दर वेळी नव्या खेळण्यासाठी नवे भाग कोण कापणार? मग त्याला सुचलं, की सगळ्या पट्ट्या अर्धा इंच रुंद करायच्या आणि भोकंही अर्ध्या-अर्ध्या इंचावर पाडायची. म्हणजे कुठलीही पट्टी कुठेही बसते! पेटंटसाठी खिशात पैसे नव्हते, तेव्हा त्याने मालकाकडूनच पाच पौंड उसने घेतले. १९०१ मध्ये पेटंट मिळालं. १९०७ मध्ये या खेळाला 'मेकॅनो' हे नाव मिळालं आणि त्याच वर्षी चव्वेचाळिसाव्या वर्षी फ्रँकने नोकरी सोडली.

१९२० मध्ये त्याने चावीची ट्रेन बाजारात आणली. तिचं इंजिनही नट-बोल्टनी जोडलेलं होतं, म्हणजे खोलून परत जोडता येणारं. पुढे विजेवरच्या ट्रेन आल्या, डिंकी टॉइजच्या मोटारी आल्या. १९३१ मध्ये तो खासदारही झाला. सप्टेंबर १९३६ मध्ये तो गेला. त्याच्या नावाची सगळ्यात गाजलेली छोटी ट्रेन, 'हॉर्नबी डब्लो', १९३८ मध्ये आली. ती बघायला तो नव्हता.

या डब्लोला तीन रूळ होते. वीज मधल्या रुळातून यायची. इंजिनाच्या पोटाखाली एक स्प्रिंगवाली पट्टी असायची, ती मधल्या रुळावर घासत जायची. वीज मोटरमधून फिरून चाकांवाटे बाहेरच्या रुळांतून परत जायची. ते दोन्ही रूळ एकमेकांना जोडलेलेच, त्यामुळे चाकं पूर्ण धातूची असली तरी बिघडत नव्हतं. रूळ गोल फिरवून परत त्याच रुळाला जोडला तरी शॉर्ट सर्किट नाही, हा मोठा फायदा होता. पण खऱ्या रेल्वेला असा मधला रूळ कुठे असतो?

१९५० च्या दशकात 'ट्रायअँग'च्या दोन रुळांच्या स्वस्त ट्रेन खपायला लागल्या. हॉर्नबीची कंपनी मात्र तीन रुळांवरच अडून बसली. शेवटी १९५९ मध्ये दोन रूळ आणले, पण तोवर उशीर झाला होता. १९६४ मध्ये ट्रायअँगच्या मालकांनीच ही कंपनी विकत घेतली.

मग घराघरातल्या त्या जुन्या इंजिनांचं काय? ती भंगारात टाकायची?

अजिबात नाही. हौशी लोक ती आजही दोन रुळांवर आणतात. आधी पोटाखालची पट्टी काढायची. आता डाव्या रुळातून वीज येणार आणि उजव्यातून परत जाणार. धातूच्या चाकांनी आणि आसाने हे दोन रूळ जोडले, की शॉर्ट सर्किट झालंच म्हणून समजा. म्हणून एका बाजूची चाकं बदलून इन्सुलेटेड चाकं बसवायची. त्या चाकांच्या कडेला घासेल अशी पितळेची बारीक पट्टी लावायची आणि तिची वायर मोटरच्या इन्सुलेटेड ब्रशला जोडायची. परतीची वीज दुसऱ्या बाजूच्या धातूच्या चाकांतून, इंजिनाच्या सांगाड्यातूनच जाते. पुढच्या-मागच्या छोट्या चाकांनाही विसरायचं नाही, एक जरी धातूचं आरपार राहिलं तरी घोटाळा! मोटर तीच राहते, कारण आधीही ती १२ व्होल्टच्या डीसीवरच चालायची.

कंपनीला जे वेळेत जमलं नाही, ते तिची जुनी गिऱ्हाइकं घरच्या टेबलावर एका स्क्रू ड्रायव्हरने आणि सोल्डरिंग गनने करतात. खोला, बदला, परत जोडा. त्या हिशेबनिसाने पोरांना हेच तर शिकवलं होतं.